पहाटेची साखर कोठून येते ?

एका स्नेह्यांच्या घरीं नुकताच आमच्या पाहण्यांत आलेला हा प्रसंग. घरांतील वडील मधुमेही. रात्रीं ज्वारीची भाकरी व पालेभाजी यांखेरीज त्यांनीं कांहीं घेतलें नव्हतें. तरी सकाळीं अनशापोटीं रक्त तपासतां साखर १८० भरली. सूनबाईंची नजर फडताळांतील लाडवांच्या डब्याकडे वळली. कोणी शब्दानेंहि बोललें नाहीं, परंतु त्या वृद्ध गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांच्या वतीनें चार शब्द लिहिणें आम्हांस आवश्यक वाटतें.

रक्तांत साखर येते ती केवळ ताटांतूनच, हा समज अपुरा आहे. यकृत हें शरीराचें कोठीघर होय. फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनीं १८५७ सालीं यकृतांतील ग्लायकोजेन हा सांठ्याचा पदार्थ वेगळा काढून दाखविला. रात्रीं आपण निजलेले असतां मेंदूस लागणारी साखर मुख्यतः यकृतच पुरवितें. सांठ्यांतून काढितें, तशीच नवीहि घडवितें.

जेवणानंतर ‘आतां कोठी बंद करा’ हा निरोप इन्सुलिन आणतें. तें पेशीच्या दारावरील प्रथिनास बिलगतें. मग ओसरीवरचा निरोप माजघरांतून कोठीपर्यंत जावा, त्याप्रमाणें तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. हा निरोप म्हणजे पुष्कळदां फॉस्फेटची एक खूण. ती लागली किंवा निघाली कीं प्रथिनाचें काम बदलतें. हें रहस्य उलगडल्याबद्दल फिशर व क्रेब्स यांस १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. यकृतांत ‘एकेटी’ नांवाचें प्रथिन ही खूण ‘फॉक्सो-एक’ या दुसऱ्या प्रथिनावर उमटवितें. तेव्हां फॉक्सो-एक पेशीच्या केंद्रकांतून बाहेर पडतें, आणि साखर घडविणाऱ्या एन्झाइमांची निर्मिति मंदावते.

मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारांत हा निरोप वाटेंतच क्षीण होतो. फॉक्सो-एक केंद्रकांत ठाण मांडून बसतें व कोठी रात्रभर उघडी राहते. नवल असें कीं, चरबी तयार करण्याची आज्ञा मात्र यकृत बहुधा पाळीतच राहतें. त्यामुळें तेथें चरबीहि सांचते. मेटफॉर्मिनच्या गोळ्या देतात, त्या मुख्यतः यकृताच्या या साखर-निर्मितीस आळा घालण्यासाठींच.

यावरून घरच्या मंडळींनीं दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. सकाळच्या एका आकड्यावरून कोणास चोर ठरवूं नये. तो आकडा डॉक्टरांस दाखवावा. आणि ‘आज एकादशी, पोटांत कांहीं नाहीं’ म्हणून औषध आपल्या मनानें बंद करूं नये, किंवा नेहमींच्या मात्रेनें डोळे मिटून घेऊंहि नये. उपवासापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लाडवांचा डबा उंच फळीवर ठेवण्यास आमची हरकत नाहीं. मात्र वडिलांच्या शब्दावरील विश्वास त्याबरोबर फळीवर ठेवूं नये, एवढीच आमची विनंति आहे.