श्रावणाचे ताट, दिवेलागणीचे वाचन

चातुर्मास बसला की जैन घरातील स्वयंपाकघराचे वेळापत्रक बदलते. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून पालेभाज्या बहुतेक घरांतून चार महिन्यांसाठी बाहेर पडतात, दळण थोडे थोडे येऊ लागते आणि गाळून उकळलेल्या पाण्याची भांडी ओट्यावर कायमची मांडली जातात. श्रावण हा त्यातला तयारीचा महिना. त्याच्या वद्य पक्षाच्या अखेरीस श्वेतांबर घरांत पर्युषण सुरू होते; भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दिगंबर घरांत दशलक्षण पर्व येते. त्याआधीच्या या दिवसांत घरात काय शिजावे, काय वाचले जावे आणि काय पाहिले जावे, हा या महिन्याच्या पानाचा विषय.

ताट

बाहेरच्या माणसाला हे ताट नकारांचे वाटते. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर-मुळा नाही, वांगे नाही, पालेभाजी नाही; दुज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी अशा तिथींना तर हिरवे काहीच नाही. पण अनुभवी गृहिणीला ठाऊक असते की पदार्थ कमी झाले म्हणजे हात अधिक जागरूक होतो. ओले आले वर्ज्य असले तरी सुंठ आहे. तिथीला हिरवी मिरची नसली तर मिरे आहेत. बटाट्याच्या जागी इतर दिवशी कच्चे केळे येते आणि वड्यापासून रस्स्यापर्यंत सर्व कामे निमूटपणे पार पाडते. कडधान्याला मोड आणायचे नाहीत, म्हणून मटकी काही तास भिजवून त्याच दिवशी शिजवली जाते. तिची चव मोडाच्या उसळीपेक्षा वेगळी असते, उणी नसते.

या महिन्याचा पहिला पदार्थ कढी. कच्चे ताक आणि द्विदल धान्य एकत्र आणायचे नाही, हा नियम अनेक घरांत कटाक्षाने पाळला जातो. त्यामुळे ताक आधी तापवावे लागते आणि नुसते ताक तापवले की ते फुटते. नव्या सुनेची पहिली अडचण बहुधा येथेच येते. उपाय सोपा आहे. ताकाला आधी चमचाभर तांदळाचे पीठ लावावे, मंद आचेवर एकसारखे ढवळत राहावे आणि ताक चांगले गरम झाल्यावरच पाण्यात कालवलेले बेसन त्यात सोडावे. वरून तूप, जिरे, मेथीदाणे व हिंगाची फोडणी, चिमूटभर सुंठ आणि गुळाचा खडा. सोबत मऊ खिचडी असली की पावसाळी संध्याकाळचे जेवण पूर्ण होते.

दुसरा पदार्थ तिथीच्या दिवसाचा, मारवाडी घरांनी जपलेला: मेथीदाणे आणि पापडाची भाजी. दोनदा पाणी बदलून उकळले की मेथीदाण्यांचा कडूपणा उतरतो. मग आमचूर, गूळ, लाल तिखट आणि शेवटी भाजलेल्या पापडाचे तुकडे. पापड आधी टाकला तर त्याचा लगदा होतो, म्हणून पान वाढायला घेतल्यावरच तो घालावा.

कोल्हापूर-सांगलीकडच्या दिगंबर घरांत पावसाळा म्हणजे हुलगा. हुलगे भाजून दळलेल्या पिठाचे गूळ घातलेले माडगे गरम गरम प्यायले की अंगातला गारठा जातो. त्याच पिठाचे पिठले, ज्वारीची भाकरी आणि दोडक्याच्या शिरांची तीळ घालून परतलेली चटणी हे ताट कोणत्याही मेजवानीला मागे सारणारे आहे. गुजराती घरांत याच दिवसांत वरण-ढोकळीचे पातेले चढते आणि डब्यात खाखरे साठतात. घराणे निराळे, पण सर्वांची मर्यादा एकच.

या ताटामागे एक कष्ट आहेत, त्यांची नोंद सहसा कोणी घेत नाही. घरात कोणाचे एकासणे असते, कोणाचे आयंबिल, कोणाचा उपवास आणि दोन मुलांना शाळेचा डबा हवा असतो. चार वेगवेगळे स्वयंपाक करणारी बाई पुष्कळदा स्वतः उपवासाची असते. तिचा भार हलका करण्याची एक रीत जुन्या घरांत होती. मूग एकाच पातेल्यात शिजत. तेल-तूप-मसाला पडण्यापूर्वी आयंबिलाचा वाटा बाजूला निघे, उरलेल्यात फोडणी पडे आणि तेच मूग सर्वांच्या पानात जात. ही रीत पुन्हा आणणे अवघड नाही. तपाची अनुमोदना करणाऱ्या घरातील पुरुषांनी त्या दिवशी भांडी विसळण्याचे काम अंगावर घेतले तर तीही अनुमोदनाच ठरेल.

आणखी एक प्रश्न वेळेचा. ऑगस्टच्या आरंभी मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि महिनाअखेरीस सातच्या आत. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. चोविहार पाळणारा व्यापारी गल्ल्याशेजारी साडेसहाला डबा उघडतो आणि दहा मिनिटांत झाकण लावतो. घरी उरलेली मंडळी वेगळी जेवतात. रात्री साडेनऊला दुकान वाढवून तो घरी येतो तेव्हा चूल निवालेली असते. नियम पाळला जातो, पण बापलेकांची पंगत आठवड्यातून एकदा, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशीच बसते. जेवणाची वेळ एकत्र मिळत नसेल तर जेवणानंतरची मिळवावी लागते. श्रावणातील वाचनाचा विचार येथून सुरू होतो.

ग्रंथ

या महिन्यासाठी एकच पुस्तक निवडायचे झाले तर ते बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’. बनारसीदास 1586 मध्ये जौनपूरच्या श्रीमाळ जैन व्यापारी घरात जन्मले. वडील जडजवाहिराचा व्यापार करीत. 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपले चरित्र 675 पद्यांत स्वतःच लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून त्यांनी त्याला अर्धे कथानक म्हटले. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. ते सर्वांपुढे आणण्यात मुंबईच्या ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’चे नाथूराम प्रेमी यांचा मोठा वाटा आहे. भाषा जुनी असली तरी सोपी आहे. व्यापारी घरात हिंदी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला टीपांच्या आधाराने ती कळते.

व्यापाऱ्याने लिहिलेल्या या पुस्तकात यशाची गोष्ट फारशी नाही. तरुण बनारसीदासांना वडिलांनी रत्ने, तूप, तेल आणि कापड देऊन आग्र्याला पाठवले. काही रत्ने निष्काळजीपणाने हरवली, मालात खोट आली आणि हाताशी काही उरले नाही. बाजारात जाण्याचे तोंड राहिले नाही, तेव्हा ते घरीच बसून संध्याकाळी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने मोठ्याने वाचू लागले. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. आपल्याजवळ पैसे नाहीत हे त्यांनी त्याला उघड सांगितले, तरी त्याने हात आखडता घेतला नाही आणि सहा-सात महिने हे असेच चालले. व्यापारी घरांना या प्रसंगातली गंमत कळेल आणि त्यातला विश्वासही कळेल. कर्जबाजारी माणसाने खरी परिस्थिती सांगितली आणि समोरच्या लहान दुकानदाराने त्या खरेपणावर उधारी चालू ठेवली.

याहून महत्त्वाचा प्रसंग खैराबादचा. हरलेले बनारसीदास सासुरवाडीला गेले. रात्री पत्नीने आग्र्याचे खरे काय ते विचारले आणि अखेर त्यांनी हाती काही नसल्याचे कबूल केले. पत्नीने साठवलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले. पुढे तिने आपल्या आईला विश्वासात घेतले आणि आईकडून दोनशे रुपये मिळवून दिले. त्या भांडवलावर ते पुन्हा आग्र्याला गेले.

हे पुस्तक श्रावणातच का वाचावे, याचे उत्तर या प्रसंगात आहे. व्यापारी घरात तोटा ही सर्वांत मोठी झाकण्याची गोष्ट असते. वसुली अडकली, सौदा फसला, व्याजाने पैसा घेतला, हे मुलगा वडिलांना सांगत नाही, वडील आईला सांगत नाहीत आणि सुनेला तर सर्वांत शेवटी कळते. अब्रू राखण्याच्या या धडपडीत कधी कधी लहान तोटा मोठा होतो, आणि कधी माणूसच मनातून खचतो. चारशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याने आपली फजिती, आपले आजार, आपली व्यसने आणि आपले चुकलेले हिशेब लिहून ठेवले. नऊ अपत्ये झाली आणि एकही वाचले नाही, हेही त्यांनी त्याच संयमाने नोंदवले. ग्रंथाच्या शेवटाकडे तर ते स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही मांडतात, जणू खतावणीची जमा आणि नावे. तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य त्यांनी गोमतीत सोडून दिले आणि उत्तर आयुष्यात आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’कडे वळून ‘समयसार नाटक’ लिहिले. श्वेतांबर घरात जन्मलेल्या या माणसाचा तो ग्रंथ दिगंबर घरांत आजही आदराने वाचला जातो.

रोज पंधरा-वीस पद्ये आणि त्यांचा अर्थ वाचला तर साधारण सव्वा महिन्यात ग्रंथ पुरा होतो. वाचन मोठ्याने व्हावे आणि ते दुकानातून आलेल्या माणसाच्या समोर व्हावे. लहान मुलांसाठी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ हाताशी असावी. 1935 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ‘रात्रीं’मध्ये विभागलेले आहे; एकेका रात्रीला एक कथा, अशा बेचाळीस रात्री. घरात मोठ्याने वाचण्यासाठी याहून सोयीची रचना मराठीत शोधून सापडणार नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ असतेच. 1970 पासून पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या त्या पुस्तकाच्या समासात जैन गृहिणींनी पेन्सिलीने लिहिलेले ‘कांद्याऐवजी कोबी’ वा ‘आल्याऐवजी सुंठ’ हे शेरे लेकीसुनांनी एका वहीत उतरवून घ्यावेत. त्या नोंदी छापील पुस्तकात कधी येणार नाहीत.

दृश्य

पाहण्यासाठी दोन चित्रपट, दोन्ही सुट्टीच्या दिवशी दुपारी, सर्वांनी एकत्र.

पहिला परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009). दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा घडवला, त्याची ही हसत हसत सांगितलेली कथा. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या त्या चित्रपटामागे घरातले सामान विकलेला एक संसार उभा होता. व्यापारी प्रेक्षकाने फाळक्यांइतकेच सरस्वतीबाईंकडे पाहावे. नवरा जोखीम घेतो तेव्हा तिला सर्व ठाऊक असते आणि ठाऊक असल्यामुळेच ती कामाला हात लावते. खैराबादच्या त्या पत्नीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

दुसरा आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ (2013). तो मोठ्या मुलांसह पाहावा. त्यातील तीन कथांपैकी मधली एका श्रमणाची आहे. नीरज कबी यांनी ती भूमिका केली आहे. प्राण्यांवरील औषध-प्रयोगांविरुद्ध न्यायालयात लढणारा हा साधू स्वतः यकृताच्या आजाराने पडतो आणि त्याला वाचवू शकणारी औषधे त्याच प्रयोगांतून आलेली असतात. तो औषध नाकारतो, अन्नही सोडतो. अखेरीस तो काय निवडतो, हे येथे सांगण्यापेक्षा चित्रपट पाहिल्यावर घरात बोलले जावे. आजोबांना एक वाटेल, महाविद्यालयात जाणाऱ्या नातीला दुसरे. औषधांचा व्यापार असलेल्या घरांत तर हा प्रश्न थेट गल्ल्यापर्यंत येतो. मतभेद झाले तरी हरकत नाही. अनेकांताचा संस्कार सांगणाऱ्या घरात दोन मते एका खोलीत बसू शकली पाहिजेत.

संवत्सरीपूर्वी

महिना संपेल तेव्हा क्षमापनेचे दिवस जवळ आलेले असतील. ‘मिच्छामि दुक्कडम्’ आणि ‘उत्तम क्षमा’ यांचे संदेश शेकडो मोबाइलवर जातील; दूरच्या आडत्यालाही जातील आणि ज्याच्याशी वर्षभर बोलणे नव्हते त्यालाही. घरातल्या घरात मात्र हे शब्द पुष्कळदा पाया पडण्याच्या घाईत उरकले जातात. ज्याच्यापासून काही लपवले आहे त्याच्यापुढे ते नुसते उच्चारून भागत नाही. जे लपवले तेही सांगावे लागते.

म्हणून श्रावणात रोज रात्री अर्धा तास वाचनाची बैठक घालावी. दुकान वाढवून आलेल्या माणसाने आधी पाय धुवावेत, मोबाइल देवघराबाहेरच्या फळीवर ठेवावा आणि इतरांसह बसावे. बनारसीदासांच्या तोट्याची पाने वाचताना कोणाला आपल्या अडकलेल्या वसुलीविषयी, फसलेल्या सौद्याविषयी वा परीक्षेच्या निकालाविषयी काही सांगावेसे वाटले, तर पुस्तक मिटून आधी ते ऐकून घ्यावे. उरलेली पद्ये दुसऱ्या दिवशी वाचता येतील.