थंडी मोजताना दिवसही मोजावा

चंडीगडच्या सेक्टर १७ मधील मोकळ्या चौकात जानेवारीच्या दुपारी लोकांची बसण्याची जागा ऊन ठरवते. धुके विरले तर बाके भरतात, शेंगदाण्यांच्या पुड्या सुटतात. धुके टिकले, तर तीच माणसे कडेच्या व्हरांड्यांतून भराभर चालत निघून जातात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मात्र ठळक अक्षरांत एकच आकडा छापलेला असतो, तो म्हणजे किमान तापमानाचा. चौकातील माणसाला जे कळते, ते त्या आकड्यात नसते. पिकावरील किडीच्या बाबतीतही नेमके हेच घडते आणि कृषी सल्ल्याची गफलत येथूनच सुरू होते.

भारतीय हवामान विभाग ‘शीतलहर’ आणि ‘थंड दिवस’ या दोन स्थिती वेगळ्या मानतो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक घसरले, अथवा ते थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आले, तर ती शीतलहर होय. किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असताना कमाल तापमानच सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक खाली राहिले, तर तो थंड दिवस होय. पहिली थंडी रात्रीची आहे, दुसरी दिवसाची. महाराष्ट्रात थंडी म्हणजे बहुधा पहिली. चंडीगड, पंजाब व हरियाणाच्या पट्ट्यात धुक्यामुळे दुसरीही वारंवार अनुभवास येते.

यामागील कारण सरळ आहे. चंडीगड निफाडच्या सुमारे १० अक्षांश उत्तरेला आहे. जानेवारीच्या आरंभी तेथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३७ अंश वर येतो, निफाडला तो ४७ अंशांपर्यंत चढतो. पश्चिमी विक्षोभाच्या पावसाने जमीन ओली झाली आणि मागाहून वारा पडला, की दाट धुके धरते. ते दुपारपर्यंत उठले नाही, तर पारा १२-१३ अंशांपुढे सरकत नाही. निफाडला रात्री पारा ५-६ अंशांपर्यंत उतरला, तरी स्वच्छ आकाशामुळे दुपारी तो २५ अंश सहज ओलांडतो.

कीटकाचे शरीर स्वतःची उष्णता राखत नाही. ठरावीक तापमानाखाली त्याची वाढ थांबते आणि त्यावर मिळालेली ऊबच त्याच्या खाती जमा होते. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी ही मर्यादा १० ते १२ अंशांच्या आसपास आहे. ती ११ धरून एक हिशेब करून पाहता येतो. समजा, निफाड परिसरात किमान ६ आणि कमाल २८ अंश तापमान नोंदले गेले. सरासरी १७, म्हणजे अळीच्या खाती ६ अंश-दिवस जमा झाले. त्याच दिवशी चंडीगडला किमान ८ आणि कमाल १२ अंश होते. सरासरी १०, म्हणजे जमा शून्य. ही रीत ढोबळ आहे. निफाडची प्रत्यक्ष जमा याहून अधिकच भरेल, कारण रात्री वाढ थांबली तरी दिवसाची कमाई वजा होत नाही. बातमीत ‘निफाड गारठले’ असे छापून येईल, पण अळी वाढली ती निफाडला.

म्हणूनच ‘थंडी वाढली, आता कीड आटोक्यात येईल’ हा दिलासा महाराष्ट्रात अनेकदा फसवा ठरतो. ‘धुई पडली की फवारणी’ हा प्रघातही तपासून घेण्याजोगा आहे. विदर्भ-मराठवाड्यात ढग दाटून आले, की रात्रीची ऊब अडकते, किमान तापमान चढते आणि रात्रीचा खंड न पडता अळीची वाढ चालू राहते. शेतकऱ्याच्या अनुभवात इतके तथ्य आहे. मात्र आकाश निवळून पडलेले पहाटेचे धुके तासाभरात विरते आणि त्याने किडीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. दोन्ही प्रसंगी एकच फवारणी केल्यास एक खर्च बहुधा वाया जातो.

मोहरीवरील मावा याच हिशेबाची दुसरी बाजू दाखवतो. उत्तर भारतात तो जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत जोर धरतो. माव्याची वाढ अगदी कमी तापमानातही चालते. त्याला खाणारे ढालकिडे मात्र वाढीसाठी अधिक ऊब मागतात. त्यामुळे हिवाळा सरताना मावा आधी पुढे जातो आणि ऊन तापल्यावर मित्रकीटक त्याला गाठतात. मधल्या दिवसांत घाईने केलेली फवारणी नेमकी या मित्रांच्या मुळावर येते. फुलोऱ्यात सकाळी ऊन चढल्यावर फवारले, तर मधमाश्याही बळी पडतात. महाराष्ट्रात कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये याची किंमत थेट बियाण्याच्या उताऱ्यात मोजावी लागते.

पंजाबच्या अभ्यासदौऱ्यावरून परतणारे शेतकरी पेरणीच्या तारखा, वाण आणि फवारणीचे वेळापत्रक उतरवून आणतात. वाण प्रयोग म्हणून पाहता येईल, वेळापत्रक मात्र तिथल्या धुक्याचे असते, ते इथल्या उन्हाला लागू पडत नाही. शिवाय तिथलेही वेळापत्रक आता पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला, तर कमाल तापमानाच्या बाबतीत २०२३ च्या फेब्रुवारीने तोच विक्रम केला. हिवाळा असा अचानक आवरला, की तारखेवर आधारलेला सल्ला आठवड्यांनी मागे पडतो.

विस्तार कार्यकर्त्याची अडचण खरी आहे. त्याच्या हाताखाली अनेक गावे असतात. ‘अमुक तारखेला फवारा’ हे वाक्य लक्षात राहते, अंश-दिवस राहत नाहीत. तथापि हिशेब शेतकऱ्याने करावा, अशी अपेक्षाच नाही. ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळ स्तरावर उभी आहेत. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. ‘क्रॉपसॅप’मधून किडींचे सर्वेक्षण २००९ पासून सुरू आहे. माहिती आहे, पण ती एका फलकावर एकत्र येत नाही.

गावच्या फलकावर किमान तापमानाशेजारी कमाल तापमान आणि आकाशाची स्थिती लिहावी. त्याखाली त्या आठवड्याची शेतातील मोजणी द्यावी. हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरमध्ये १ ते २ अळ्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस ८ ते १० पतंग आढळले, तरच फवारणीचा निर्णय घ्यावा. हवामान शेतात कधी जायचे ते सांगते, फवारायचे की नाही ते मोजणीच ठरवते.

सेक्टर १७ मधला माणूस बाकावर बसण्यापूर्वी वर्तमानपत्र उघडत नाही, वर पाहतो. शेतकऱ्यानेही आधी आकाशाकडे आणि मग झाडाकडे पाहावे. पंपाला हात घालण्याची वेळ त्यानंतरची.