थंडी पडली, अम्मी!

आपल्याकडची बरीच मुलं-मुली एमबीबीएससाठी किर्गिझस्तानला जातात. पहिल्या वर्षी त्यांच्या घरी ऑक्टोबरात एक फोन हमखास येतो. माझ्या बहिणीकडेही आला. तिची मुलगी बिश्केकला आहे. रत्नागिरीत वाढलेली पोर. तिच्या लेखी थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे पंखा बंद करणं. आदल्या दुपारी ती सुती कुर्त्यात फिरत होती आणि सकाळी उठून बघते तर अंगणातल्या गवतावर दव गोठलेलं! शहराच्या दक्षिणेला आला-टू डोंगरांची रांग आहे, तीही रात्रीतून पांढरी झालेली. तोंडातून वाफ निघते हे दाखवायला तिनं व्हिडिओ कॉलवर दहा वेळा फुंकर मारली. तंदूरमधला गरम समसा घेतला, आधी त्यावर हात शेकले आणि मग खाल्ला, हेही सांगितलं.

बहीण म्हणाली, "कान बांध आधी! आजारी पडशील. बाहेर जाऊच नकोस." पोरीचा चेहरा उतरला. "बरं अम्मी" म्हणून तिनं फोन ठेवला.

आईची काळजी खोटी नसते, पण ती योग्य जागी लागली पाहिजे. समुद्र हळू तापतो आणि हळूच निवतो, म्हणून कोकणात हवा एकदम पालटत नाही. बिश्केकपासून समुद्र फार दूर. शहर ४३ अंश उत्तरेला, उंची सुमारे ८०० मीटर. तिथं एका रात्रीत ऋतू बदलला तर नवल नाही. ऊबदार कपडे घालून अशा हवेत तासभर चाललं तर तरुण, निरोगी मुलाला काही होत नाही, उलट हुशारी येते.

जपायचं आहे ते खोलीत. तिथं शहराच्या मोठ्या भागाला औष्णिक केंद्रातून नळानं गरम पाणी येतं आणि खोल्यांतले रेडिएटर तापतात. पण ते साधारण नोव्हेंबर लागताना सुरू होतं. त्याआधीच्या गार रात्री बंद खोलीत कोळसा किंवा गॅस पेटवून ऊब घ्यायची नाही, हे मुलांना बजावून सांगा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो.

कपड्यांचं तत्त्व आपल्या दादीच्या गोधडीचं. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. एका जाड स्वेटरपेक्षा आत अंगाला बसणारं, मध्ये लोकरीचं आणि वर वारा अडवणारं, असे तीन थर बरे. जाड जॅकेट इथून नेऊन बॅगेचं वजन वाढवू नका. ते तिथल्या दोर्दोई किंवा ओश बाजारात मिळतं. वुजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवर मसह करण्याची सवलत आहे: मुक्कामी असेल त्याला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. मुलांना ही आठवण द्या. थंडी वाढली की घरोघरी कोळसा जळतो आणि धूर शहरावर साचून राहतो. तेव्हा बाहेर पडताना चांगला मास्क हवा.

पहिल्या थंडीची मजा थोड्या दिवसांची असते. डिसेंबरात तिथं दिवस जेमतेम नऊ तासांचा होतो. सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे सकाळच्या तासाला अंधारात निघायचं. परीक्षा जवळ आलेली असते. तेव्हा घर आठवतं, जेवण जात नाही, कधी कधी रडू येतं. खरी गरज तेव्हा असते की मुलानं फोन करून मनातलं सांगावं.

ते सांगेल का? वर्गात मी नेहमी पाहते, ज्या मुलाच्या आनंदाला आपण सूचनांनी उत्तर देतो, ते दुःख सांगायलाही येत नाही. "सगळं ठीक आहे" म्हणायला शिकतं. हजारो मैलांवरून आपल्या हाती फक्त त्याचं बोलणं असतं. ते आटलं की आपल्याला काहीच कळत नाही.

म्हणून भगिनींनो, मूल थंडीचं कौतुक सांगू लागलं की आधी पुरतं ऐकून घ्या. डोंगर दाखव म्हणा, काय खाल्लंस विचारा, सोबत हसा. मोजे आणि रेडिएटरचा विषय दहा मिनिटांनी काढला तरी चालतो. घड्याळ तिथं आपल्यापेक्षा अर्धाच तास पुढे आहे. इशानंतर निवांत बोलायला दोन्हीकडे वेळ असतो.