तबस्सुम चालते, मग आपली लेक का नाही?

तबस्सुम यांचं नाव निघालं की आमच्या बार्शीटाकळीतली पन्नाशीची मंडळी खुलतात. ‘क्या ज़बान थी!’ म्हणतात. या मंडळींना माझा एकच सवाल आहे: तीच ज़बान आपली लेक माईकवर बोलली, की कपाळाला आठ्या का पडतात?

तबस्सुम यांचा जन्म १९४४ चा, मुंबईतला. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम. दोघंही स्वातंत्र्य चळवळीतले. लहानपणीच ‘बेबी तबस्सुम’ म्हणून त्या सिनेमात आल्या. ‘दीदार’मधली (१९५१) छोटी नर्गिस त्यांनीच केली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ही. तो कार्यक्रम १९९३ पर्यंत, म्हणजे २१ वर्षं चालला. समोर मोठमोठे कलावंत, आणि प्रश्न विचारणारी एक बाई. ‘गृहलक्ष्मी’ मासिकाचं संपादनही त्यांनी अनेक वर्षं केलं. पुढे यूट्यूबवरही त्या गप्पा मारत राहिल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये गेल्या.

आता आपल्या शाळा पाहा. जलसा असला की निज़ामत मुलाकडे. मुलींनी स्वागतगीत म्हणायचं, गुलदस्ता द्यायचा आणि मागे जाऊन बसायचं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ज्या मुलीचा शीन-क़ाफ़ साफ आहे, जिचा मराठीतला ‘ळ’ही चुकत नाही, तिच्या हाती माईक द्या म्हटलं की उत्तर येतं, ‘सर, घरवाले नाही म्हणतात.’

काही जण म्हणतील, ती सिनेमावाली, आमच्या घरात ते चालत नाही. ठीक आहे. सिनेमा नका घेऊ, तिचं काम घ्या. समोरच्याची माहिती काढून यायचं, अदबीनं विचारायचं, त्याला बोलू द्यायचं. यात बेअदबी कुठे आहे? काही जण दीन पुढे करतात. हजरत आयेशा (र.) यांच्याकडून दोन हजारांवर हदीस आपल्यापर्यंत आल्या. सहाबा त्यांना मसले विचारायला येत. त्या गप्प बसल्या असत्या तर?

आणि हा नुसत्या स्टेजचा प्रश्न नाही, भाईजान. हीच मुलगी उद्या नोकरीच्या मुलाखतीला बसेल, सासरच्या बैठकीत आपला हक्क मागेल, दवाखान्यात डॉक्टरला दुखणं सांगेल. बोलायची सवय शाळेत लागली नाही, तर ती तिथे कुठून आणणार? मार्कशीट तिच्या वतीनं बोलत नसते.

दुसऱ्याच्या लेकीची ज़बान २१ वर्षं कौतुकानं ऐकायची आणि आपल्या लेकीची बंद ठेवायची, याला मी शराफत म्हणणार नाही. येत्या जलशाची निज़ामत मुलीकडे द्या. अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. तयारी करून घ्यायला आम्ही मास्तर लोक आहोतच. तुम्ही फक्त पहिल्या रांगेत येऊन बसा.