तीस तासांचा हिशेब कोण तपासणार?

बांद्याहून निघालेला रस्ता आंबोलीचा घाट चढून आजरा आणि गडहिंग्लज मागे टाकतो व संकेश्वरला पुणे–बंगळुरू महामार्गाला मिळतो. गोव्यातील स्वयंपाकघरांना हे गाव मिरचीमुळे ठाऊक आहे. हिरण्यकेशीच्या काठचे, सभोवती उसाचे मळे असलेले हे गाव प्रशासनाच्या नकाशावर कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यात येते. पण पंधराएक किलोमीटरवरचे गडहिंग्लज महाराष्ट्रात आहे. येथील रुग्ण सीमा मानत नाही. ताप उतरला नाही तर तो गडहिंग्लजला जातो, छातीत दुखले तर बेळगावला किंवा कोल्हापूरला. डॉक्टरची नोंदणी मात्र सीमेवर थांबते. संकेश्वरच्या डॉक्टरचे नाव बंगळुरूच्या कर्नाटक मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत असते, गडहिंग्लजच्या डॉक्टरचे मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या. दोघांना लागू असलेला एक नियम मात्र सारखाच आहे: पाच वर्षांत 30 तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण, ज्याला वैद्यकीय वर्तुळात ‘सीएमई’ म्हणतात.

हा नियम नवा नाही. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने 2002 मध्ये केलेल्या व्यावसायिक आचारसंहितेत तो आहे. त्याची शब्दरचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. डॉक्टरने अशा शैक्षणिक बैठकांत भाग घ्यावा, असे विध्यर्थी क्रियापद पहिल्या वाक्यात आहे. त्याची माहिती परिषदेला नियमितपणे कळवलीच पाहिजे, असा आज्ञेचा सूर दुसऱ्या वाक्यात आहे. म्हणजे शिकण्याचा आग्रह सौम्य आणि कळवण्याचा कडक. गेल्या दोन दशकांत प्रत्यक्षात जे घडले त्याचे बीज कदाचित याच व्याकरणात असावे. कळवणे व्यवस्थित चालू राहिले. शिकणे किती झाले, हे पाहण्याची जबाबदारी कोणाच्याच वाट्याला आली नाही.

तीस तास म्हणजे किती? साठ महिन्यांत विभागले तर महिन्याला अर्धा तास. एवढ्या अल्प अटीविषयी तक्रार करण्यास जागा नाही, असे वरवर वाटते. परंतु संकेश्वरसारख्या गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या बाजूनेही हे पाहावे लागेल. मान्यताप्राप्त कार्यक्रम बहुधा बेळगाव, कोल्हापूर, हुबळी अशा वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या शहरांत होतात. एक रविवार, क्वचित एक कामाचा दिवस, प्रवास, नोंदणीशुल्क आणि बंद दवाखान्याबाहेर ताटकळणारे रुग्ण, असा त्याचा खर्च आहे. शहरातील रुग्णालयात नोकरी करणाऱ्या तज्ज्ञाला हेच तास त्याच्याच इमारतीच्या सभागृहात मिळतात. नियम दोघांना समान आहे, पण ओझे समान नाही.

या ओझ्यातून वाट निघते ती सर्वांना परिचित आहे. सकाळी नोंदणी करावी, पिशवी घ्यावी, उद्घाटनाची भाषणे ऐकावीत आणि जेवणानंतर परतीची गाडी धरावी. प्रमाणपत्रावर श्रेयांक पूर्ण दिवसाचेच असतात. सगळेच असे करतात असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; अनेक डॉक्टर शेवटच्या व्याख्यानापर्यंत बसतात आणि वक्त्याला प्रश्नांनी भंडावून सोडतात. अडचण अशी की बसलेला आणि उठून गेलेला यांच्या प्रमाणपत्रांत काहीच फरक नसतो.

पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी परिषद हीच प्रमाणपत्रे पाहते. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात नूतनीकरणासाठी 30 श्रेयांकांची अट आहे. बेरीज तीस झाली की काम संपते. याला पडताळणी म्हणता येईल, लेखापरीक्षण नव्हे. सहकारी पतसंस्थेचा लेखापरीक्षक पावत्यांची बेरीज बरोबर आहे म्हणून समाधान मानत नाही. तो त्यातील काही पावत्या चिठ्ठी टाकून निवडतो, त्या ज्याने दिल्या त्याच्या वहीशी ताडून पाहतो, आणि माल खरोखर आला का हे विचारतो. सीएमईच्या बाबतीत यांतला पहिला टप्पा तरी नियमाने व ठरावीक प्रमाणात व्हायला हवा. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची गोष्ट पुढची.

हे इतके महत्त्वाचे का, हे संकेश्वरच्या शिवारातच समजते. ऊसतोडीच्या हंगामात सर्पदंशाचा रुग्ण आधी जवळच्या खासगी दवाखान्यात येतो. तीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या डॉक्टरने शिकलेले बरेच काही आता बदलले आहे. दंशाच्या वर करकचून बांधणे, जखम कापणे हे उपाय त्याज्य ठरले आहेत. लहान मुलाला प्रतिविष कमी द्यावे असे साहजिकच वाटते, पण विषाचे प्रमाण मुलाच्या वयाने कमी होत नाही. म्हणून मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये कर्नाटक सरकारने सर्पदंश हा कळवण्याजोगा आजार जाहीर केला; खासगी दवाखान्यांनीही प्रत्येक रुग्णाची माहिती शासनाला द्यायची आहे. गडहिंग्लजच्या डॉक्टरला हा कर्नाटकी आदेश लागू नाही, संकेश्वरच्या डॉक्टरला आहे. एकाच मळ्यातले दोन मजूर दोन दिशांना नेले गेले, तर एकाची नोंद कर्नाटकाच्या नियमाने होईल, दुसऱ्याची होणार नाही. क्षयरोगाचेही तसेच. आठवड्यातून तीन दिवस औषध देण्याची सरकारी पद्धत 2017 मध्ये मागे पडली आणि रोज गोळी देण्याची पद्धत देशभर आली. हे बदल डॉक्टरपर्यंत पोहोचवण्यासाठीच ते तीस तास आहेत.

मराठी मुलखाला याचे एक उजळ उदाहरण ठाऊक आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात सरकारी सेवेत असताना विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली. त्यांचे निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात आले. पुढे रक्तदाबावरील प्रॅझोसिन हे स्वस्त औषध वापरून त्यांनी मृत्यूचे प्रमाण फार खाली आणले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कथेतील कमी सांगितला जाणारा भाग असा: एका खेड्यातील डॉक्टरला कळलेले दुसऱ्या खेड्यातील डॉक्टरला कळेपर्यंत त्या औषधाने दुसऱ्या खेड्यातले कोणीही वाचले नाही. निरंतर शिक्षणाचे मोल मोजायचे तर या अंतरानेच मोजावे लागेल. पिशव्या आणि प्रमाणपत्रे मोजून ते कळणार नाही.

केवळ तास वाढवून प्रश्न सुटेल, असेही पुरावे सांगत नाहीत. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2009 मध्ये 81 चाचण्यांचा आढावा घेतला. शैक्षणिक बैठकांमुळे डॉक्टरांच्या अपेक्षित वर्तनात सुमारे 6 टक्क्यांची सुधारणा झाल्याचे त्यात दिसले. 2012 च्या दुसऱ्या आढाव्यात डॉक्टरच्या कामाची तपासणी करून त्याचा अहवाल त्यालाच परत दिल्यास साधारण 4.3 टक्क्यांची सुधारणा आढळली. दोन्ही आकडे लहान आहेत. पण हजारो रुग्णांवर पसरलेली लहान सुधारणाही मोलाची असते. एकतर्फी व्याख्यानापेक्षा चर्चा व प्रात्यक्षिक यांची जोड असलेला कार्यक्रम अधिक उपयोगी ठरतो, हेही या अभ्यासातून पुढे आले. आपल्याकडच्या श्रेयांकांत असा भेद दिसत नाही.

इतरत्र काय होते? कॅलिफोर्नियात दोन वर्षांत 50 तासांची अट आहे आणि परिषद यादृच्छिक पद्धतीने काही डॉक्टरांची निवड करून पुरावे मागते. ब्रिटनने डिसेंबर 2012 पासून पाच वर्षांनी पुनर्मान्यतेची पद्धत आणली. त्यासाठी दरवर्षी मूल्यांकन होते. ऑस्ट्रेलियाने 1 जानेवारी 2023 पासून वर्षाला 50 तास ठरवले. त्यांपैकी किमान 25 तास स्वतःच्या कामाचा आढावा व परिणामांचे मोजमाप यांना द्यावे लागतात. ऐकण्याच्या तासांइतकेच वजन आपण काय केले हे पाहण्याच्या तासांना देणे, हा यातला खरा बदल आहे. ऑस्ट्रेलियाची यंत्रणा भारतात जशीच्या तशी उचलून आणणे शहाणपणाचे नाही. तेथे डॉक्टर एकेकटे नसतात आणि परिषदांकडे मनुष्यबळ असते. मात्र वानगीदाखल तपासणीला फारसा खर्च येत नाही.

भारतातही बदलाचा एक प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी नवी आचारसंहिता अधिसूचित केली. तिच्यात पाच वर्षांत 30 श्रेयांक कायम होते. कार्यक्रम कोणी घ्यावेत याविषयी बंधने होती आणि औषध कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांत सहभागी होण्यास डॉक्टरांना मनाई होती. जेनेरिक औषधे लिहून देण्याच्या सक्तीवरून देशभर वादंग उठला. 23 ऑगस्ट रोजी संपूर्ण संहिता स्थगित झाली आणि 2002 ची आचारसंहिता पुन्हा लागू झाली. जेनेरिकच्या गदारोळात शिक्षणाचे प्रकरणही वाहून गेले. त्यावर स्वतंत्र चर्चा झालीच नाही. एकवीस दिवसांत आलेली आणि गेलेली ती संहिता या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे.

त्यानंतर मार्च 2024 मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी विपणनाची संहिता आणली. कंपन्यांना शैक्षणिक कार्यक्रमांना साहाय्य करता येईल, पण ते परदेशात नसावेत, खर्चाचा तपशील संकेतस्थळावर जाहीर करावा, आणि त्याचे स्वतंत्र, यादृच्छिक किंवा जोखमीवर आधारलेले लेखापरीक्षण होऊ शकेल, असे तिच्यात म्हटले आहे. म्हणजे यादृच्छिक लेखापरीक्षण हा शब्द भारतीय व्यवस्थेत शिरलेला आहे. गंमत अशी की तो कंपनीच्या खर्चाला लागला, डॉक्टरच्या शिक्षणाला नाही. कार्यक्रमाला किती रुपये लागले हे कदाचित कळेल. तेथे कोण शेवटपर्यंत थांबले हे नाही.

डॉक्टरांच्या संघटनांची भीती वेगळी आहे आणि ती निराधार नाही. दवाखान्याचा परवाना, जैववैद्यकीय कचरा, गर्भलिंगनिदानविरोधी कायदा, अग्निसुरक्षा अशा तपासण्यांची रांग आधीच लांब आहे. प्रत्येक तपासणीबरोबर तडजोडीची एक खिडकीही उघडते, हे छोट्या गावातील कोणालाही सांगावे लागत नाही. त्यात आणखी एका तपासनिसाची भर पडली, तर ज्याच्याकडे कागद नीट लावायला माणूस आहे तो सुटेल आणि एकट्याने दवाखाना चालवणारा अडकेल. हा आक्षेप गांभीर्याने घेतला, तर लेखापरीक्षणाचा पहिला रोख डॉक्टरवर नव्हे, श्रेयांक वाटणाऱ्या आयोजकावर हवा. किती जणांनी नोंदणी केली, किती जण सायंकाळच्या सत्राला हजर होते, विषय स्थानिक आजारांशी निगडित होते का, प्रायोजक कोण, हे सारे एका ठिकाणी तपासता येते. आयोजक मोजके आहेत, डॉक्टर हजारो. बनावट नाणे शोधायचे तर आधी टांकसाळ पाहावी.

डॉक्टरांपैकी थोड्यांची, समजा शंभरांत दोघांची, दरवर्षी चिठ्ठीने निवड करून मूळ कागद मागवता येतील, तेही बंगळुरूला वा मुंबईला न बोलावता. त्यात कमतरता आढळली तर पहिल्या वेळी शिक्षेऐवजी वर्षभराची मुदत द्यावी. एकट्या डॉक्टरांसाठी तालुक्याच्या ठिकाणी, रविवारी आणि कंपनीच्या पैशांविना कार्यक्रम घेणे परिषदांना अवघड नाही. त्यासाठी नूतनीकरणाच्या शुल्कातून निधी काढता येईल.

सीमाभागाचा पेच मात्र राज्याच्या परिषदा एकेकट्याने सोडवू शकत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये आधारशी जोडलेली राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही सुरू झाली. प्रत्येक डॉक्टरला एकच क्रमांक देण्याचा तिचा हेतू आहे. नाव, पदवी आणि परिषद यांच्या शेजारी नूतनीकरणाची तारीख व पूर्ण केलेले तास हे दोन रकाने तिथे आले, तर संकेश्वरच्या डॉक्टरने कोल्हापुरात घालवलेला रविवार बंगळुरूलाही दिसेल आणि दवाखान्याबाहेर बसलेल्या रुग्णालाही. गोव्यासाठी हा प्रश्न परका नाही. गोवा मेडिकल कौन्सिल 1991 च्या कायद्याने उभी राहिली. राज्य लहान, परिषद लहान, आणि येथील अनेक डॉक्टर बेळगावात शिकलेले. सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीला येतात, चंदगड आणि आजऱ्याचेही येतात. सगळ्या डॉक्टरांच्या नोंदींची यादी तपासण्यापेक्षा मोजक्या आयोजकांची यादी तपासणे लहान राज्याला सोपे जाईल, आणि सुरुवात लहान राज्यातून झाली तर मोठ्यांना कारण सांगता येणार नाही.

तोपर्यंत नूतनीकरणाच्या फाइलींत प्रमाणपत्रे जमा होत राहतील. संकेश्वरच्या मळ्यांत तोडणी सुरू होईल तेव्हा पहिला सर्पदंशाचा रुग्ण कोणत्या तरी दवाखान्याच्या पायरीवर आणला जाईल. त्या दवाखान्याच्या भिंतीवर पदवीचे वर्ष लिहिलेले असेल. त्यानंतर काय शिकले गेले, हे कोठेच लिहिलेले नसेल.