हाताच्या हालचालींचे मोजमाप

बंगळूरु शहराच्या वायव्य भागात पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे. भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ याच परिसरातील साध्या शेडमध्ये बांधला गेला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघाच्या भूमीवरून अवकाशात झेपावला. येथील लहानमोठ्या कारखान्यांत आजही यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. तयार झालेला भाग मोजल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, ही या कामाची शिस्त आहे. परंतु अशाच एखाद्या लेथवर राबणाऱ्या कामगाराला पक्षाघाताचा झटका आला, तर रुग्णालयातून घरी गेल्यावर त्याचा हात किती सुधारला, हे बहुधा अंदाजानेच ठरते. लोखंडाच्या तुकड्याला जे माप लागते, ते माणसाच्या हाताला का नसावे?

मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला किंवा रक्तवाहिनी फुटली, की पक्षाघात होतो. अनेकदा शरीराची एक बाजू दुर्बल होते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढेही ती सरावाने होत राहते. सराव मात्र पुरेसा हवा. उत्तर अमेरिकेतील उपचारकेंद्रांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात असे दिसले, की हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव जेथे झाला, तेथेही एका सत्रात त्या सरासरी ३२ वेळाच झाल्या. म्हणजे खरा सराव घरीच व्हायला हवा. तेथे तो होतो का, हे कोण पाहणार?

येथे मनगटावर बांधायचे संवेदक, म्हणजेच सेन्सर, उपयोगी पडतात. घड्याळाएवढ्या या साधनात हालचालीचा वेग कसा बदलतो, हे टिपणारा सूक्ष्म भाग असतो. दोन्ही मनगटांवर एकेक संवेदक बांधला, की कोणता हात दिवसभरात किती वेळ हलला, हे कळते. निरोगी माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखेच हलतात. रुग्ण मात्र दुर्बल हात बाजूला ठेवून चांगल्या हातानेच जेवतो, कपडे घालतो, दार उघडतो. हळूहळू हात न वापरण्याचीच सवय जडते. तपासणीच्या वेळी पेला उचलून दाखवणारा हात घरी मांडीवर निपचित पडून असतो. संवेदक हे अंतर उघडे करतो, आणि उपचार कोठे वाढवायचे हे भौतिकोपचारतज्ज्ञाला समजते.

अर्थात, या साधनाला मर्यादा आहेत. हात घास घेण्यासाठी हलला की बसच्या धक्क्याने, हे साध्या संवेदकाला ओळखता येत नाही. बोटांची नाजूक पकडही त्याला नीट कळत नाही. म्हणून तज्ज्ञाची नजर आणि रुग्णाचे म्हणणे यांची जागा आकडा घेऊ शकत नाही. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. कामगाराच्या हाताची नोंद मालकाच्या हाती पडली, तर तिचा उपयोग बरे करण्याऐवजी कामावरून काढण्यासाठी होऊ शकतो. ती नोंद रुग्णाची आहे. त्याच्या संमतीशिवाय ती इतर कोणाकडेही जाता कामा नये.

तरीही या भीतीपोटी साधनच नाकारणे योग्य नव्हे. रोजंदारी बुडवून दर आठवड्याला रुग्णालयात येणे ज्याला परवडत नाही, त्यालाच घरच्या नोंदीचा सर्वांत अधिक लाभ आहे. म्हणून असे संवेदक केवळ महागड्या रुग्णालयांत न राहता कामगार विम्याच्या दवाखान्यांतून काही आठवड्यांसाठी वापरायला मिळाले पाहिजेत. सोबत घरच्या माणसांना सरावाची रीत शिकवली पाहिजे. कारण मोजल्याने हात बरा होत नाही, वापरल्याने होतो. ज्या हातांनी देशासाठी यंत्रे घडवली, त्यांना पुन्हा घास उचलण्याचे बळ देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.