सहीसाठी अडलेली दुरुस्ती

विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे जगाला महाड तालुक्यातून कळले. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या नोंदी बारकाईने ठेवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये विंचूदंशाच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, तर १९८६ मध्ये प्राझोसिनविषयीचा. वैद्यकातले उपयोगी ज्ञान मोठ्या शहरातच जन्मते असे नाही, हे यावरून पटावे.

असे ज्ञान आज सॉफ्टवेअरमध्येही साठते. ओपनएमआरएस आणि त्यावर उभारलेली बाह्मनी ही रुग्णनोंदींची सॉफ्टवेअर मुक्त स्रोताची आहेत. म्हणजे त्यांचा कोड कोणीही पाहू, वापरू, सुधारू शकतो. वरंध किंवा पोलादपूरकडचा रुग्ण ‘कणकण आहे’, ‘पोटात गोळा येतो’ असे सांगतो. सॉफ्टवेअरच्या यादीत नेमके काय निवडायचे, हे तिथल्या परिचारिकेइतके कोणाला ठाऊक असणार?

पण मुक्त स्रोताच्या अनेक प्रकल्पांत दुरुस्ती पाठवण्याआधी ‘योगदान करार’ मान्य करावा लागतो. तो बहुधा कायद्याच्या इंग्रजीत असतो. काम माझे स्वतःचे आहे, त्याच्या वापराचे व्यापक हक्क मी प्रकल्पाला देतो, माझ्या नियोक्त्याचा त्यावर हक्क असल्यास त्याची परवानगी घेतली आहे, अशी हमी त्यात द्यायची असते. परिचारिकेचा नियोक्ता म्हणजे शासन. परवानगी मागायची कोणाकडे? तालुक्याला विचारले तर जिल्ह्याकडे बोट, जिल्ह्याला विचारले तर मुंबईकडे. दुरुस्ती वहीतच राहते.

करार निरर्थक आहेत असे नाही. लिनक्समध्ये परक्याचा कोड घुसल्याचा दावा २००३ मध्ये न्यायालयात गेला होता. आरोग्यात तर औषधमात्रेचा तक्ता कुठून आला, हे कळलेच पाहिजे. पण लिनक्सने २००४ मध्ये त्यावर सोपा उपाय काढला: ‘हे देण्याचा मला हक्क आहे’ असे प्रमाणित करणारी एक ओळ आणि खाली नाव. गिटलॅबनेही २०१७ मध्ये जड करार सोडून हीच पद्धत घेतली. आपल्याकडे सीएसआयआरने २००८ मध्ये क्षयरोगावरील औषधांसाठी मुक्त संशोधन प्रकल्प सुरू केला, तेव्हा सहभागी होणाऱ्याने संगणकावरच अटी मान्य करायच्या होत्या. सुधारणा पुन्हा सर्वांसाठी खुली ठेवायची, हे बंधन त्यात प्रत्येकावर होते.

एकतर्फी करारात असे बंधन नसते. हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्त्यांचा मुक्त परवाना बदलला. बाहेरून हातभार लावणाऱ्यांनी हक्क आधीच लिहून दिले होते. त्यांना विचारण्याची गरजच उरली नव्हती.

शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही रुग्णाला त्याच्या भाषेत सगळे समजावून मगच संमतीपत्रावर सही घेतो. न वाचता केलेली सही म्हणजे संमती नव्हे, हे आम्हाला विद्यार्थीदशेपासून शिकवतात. आरोग्याच्या सॉफ्टवेअरला हाच नियम का नको?

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. प्रकल्पांनी शब्द आणि भाषांतराच्या छोट्या दुरुस्त्यांसाठी एका ओळीची हमी पुरेशी मानावी आणि मोठ्या कामाचा करार मराठीत, एका पानात द्यावा. सार्वजनिक आरोग्य विभागाने एक परिपत्रक काढावे: रुग्णाची कोणतीही माहिती बाहेर न जाता, कामात अडथळा न येता कर्मचाऱ्याने अशी दुरुस्ती पाठवली, तर वेगळी परवानगी लागणार नाही. त्यासाठी निधी लागत नाही, यंत्रसामग्रीही नाही. आणि दुरुस्तीखाली ती करणाऱ्या परिचारिकेचे नाव जरूर राहावे.